वाचक विचारतात : मर्सराइज्ड सूत

प्रश्न : सुती दोऱ्याच्या रिळावर ‘मर्सराइज्ड’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ काय?

उत्तर : दाहक सोड्याची (कॉस्टिक सोडा) प्रक्रिया करून रेशमासारखी चकाकी आणलेले सूत म्हणजे मर्सराइज्ड सूत. हा शब्द इंग्लंडमधील लँकेशायरचे कापड-छपाईतज्ज्ञ जॉन मर्सर यांच्या आडनावावरून आला. दाहक सोड्याचे द्रावण सुती कापडातून गाळताना ते कापड आटून जाड आणि मजबूत झाल्याचे, शिवाय रंगही अधिक शोषत असल्याचे त्यांना आढळले आणि 1850 मध्ये त्यांनी या प्रक्रियेचे पेटंट घेतले. मात्र आटणारे कापड कोणत्या गिरणीमालकाला परवडणार? रेशमासारखी चकाकी तर मर्सर यांच्या हयातीत आलीच नाही; 1890च्या सुमारास ब्रिटिश रसायनतज्ज्ञ होरेस लो यांनी सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा आटणे थांबले आणि चपटा, पिळदार तंतू फुगून गोलसर व गुळगुळीत झाल्याने प्रकाश एकसारखा परावर्तित होऊ लागला.