पाण्याचा टीबी समजून सहा महिने गेले

मागच्या अंकात सिमेंटच्या पत्र्यांबद्दल आणि त्यातल्या ॲस्बेस्टॉस नावाच्या धाग्याधाग्याच्या खनिजाच्या धुळीबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या आणि तुमच्या पत्रांचा नुसता ढीग पडला, एवढे लोक याच काळजीत असतील असं खरंच वाटलं नव्हतं. नवीन वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्याच्या डिस्पेन्सरीत २२ वर्षं नर्स होते, आणि नंतर कामगारांचे ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कागद भरून देता देता जे शिकले ते इथे सांगते.

ताई नमस्कार. माझे बाबा १९८८ ते २०१४ एका केमिकल कंपनीत होते, आधी कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्पर आणि मग पर्मनंट. पाइपांवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, फोडून काढायचं आणि नवीन लावायचं हेच काम. गेल्या वर्षी धाप लागायला लागली, उजव्या बाजूला छातीत पाणी झालं, दोनदा काढलं, डॉक्टर म्हणाले पाण्याचा टीबी आहे, सहा महिने गोळ्या दिल्या. फरक नाही म्हणून परळला नेलं, बायोप्सी झाली, मेसोथेलियोमा निघाला. बाबांचं वय ६३. काका म्हणतात बिडीने झालं, आता कोणाला दोष देणार. कंपनी चालू आहे पण नाव आणि मालक बदललेत. आम्ही काय करायचं? — एक मुलगी, ऐरोली

अगं, तुझं पत्र वाचलं आणि डोळ्यासमोर आमची डिस्पेन्सरी आली, पांढऱ्या भुशाने माखलेली पोरं हातपाय खरचटलं म्हणून पट्टी बांधायला यायची आणि मी पट्टी बांधून परत पाठवायचे, त्या भुशातल्या ॲस्बेस्टॉसबद्दल तेव्हा आम्हाला कोणीच काही सांगितलं नव्हतं.

आधी बिडीचं बोलू, कारण घरात हेच भांडण चालू असणार. मेसोथेलियोमा हा फुप्फुसाच्या बाहेरच्या अस्तराचा कॅन्सर आहे आणि त्याचा बिडी-सिगारेटशी संबंध नाही. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅगनर नावाच्या डॉक्टरांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या (त्याचा एक प्रकार) खाणींच्या भागातले ३३ पेशंट गोळा करून दाखवलं की हा आजार त्या धुळीशी जोडलेला आहे, आणि नंतर जगभर तेच दिसलं. फुप्फुसाचा साधा कॅन्सर वेगळा, तिथे बिडी आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही असले की धोका कितीतरी पटीने वाढतो. पण तुझ्या बाबांना जो आजार आहे तो बिडीचा नाही, हे काकांना नीट सांग, आणि बाबांना त्याहून आधी सांग, कारण आजारी माणूस स्वतःलाच दोष देत पडून राहतो. शिवाय उद्या दावा लावलात तर समोरचा वकील पहिल्यांदा बिडीच काढणार, तेव्हा हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असू दे.

टीबीच्या गोळ्यांबद्दल त्या डॉक्टरवर फार रागावू नकोस. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की टीबी हेच आधी डोक्यात येतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी, ‘तुम्ही ३० वर्षांपूर्वी काय काम करत होतात’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. ॲस्बेस्टॉसचा धागा आत गेल्यापासून हा आजार वर यायला २० ते ५० वर्षं लागतात, तोवर माणूस रिटायर झालेला असतो आणि केसपेपरवर व्यवसाय म्हणून ‘घरी’ एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून पहिलं काम हे कर, हॉस्पिटलच्या डॉक्टरांना हात जोडून सांग की बाबांनी १९८८ पासून लॅगिंगचं काम केलंय हे केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डवर लिहा, धुळीशी आलेला संबंध स्पष्ट शब्दांत लिहा. बायोप्सीचा रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक (तपासलेल्या तुकड्याच्या काचा आणि मेणात ठेवलेला नमुना) यांची नोंद जपून ठेव, झेरॉक्स तीन काढ. एक अवघड गोष्टही आत्ताच बोलते, कारण नंतर कोणाचं डोकं जाग्यावर नसतं. माणूस गेला की मृत्यूच्या दाखल्यावर बऱ्याचदा ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच येतं, आणि मग ज्या आजाराने गेला त्याचं नावच कागदावर उरत नाही. तिथे मेसोथेलियोमा लिहिलेलं असलं पाहिजे.

आता कंपनीचं. सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ ला कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेच्या केसमध्ये सांगितलंय की ॲस्बेस्टॉसच्या उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या तब्येतीचं रेकॉर्ड कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायचं. तुझ्या बाबांचा हिशोब कर, १९८८ अधिक ४० म्हणजे २०२८ आणि २०१४ अधिक १५ म्हणजे २०२९. म्हणजे २०२९. तुमची केमिकल कंपनी म्हणेल आम्ही ॲस्बेस्टॉसवाले नाही, आम्ही फक्त पाइपांना लावत होतो, म्हणू दे, तू लेखी मागच आणि पत्रात या निकालाचा उल्लेख कर. रजिस्टर पोस्टाने पाठव, पोचपावती ठेव, आणि एक कॉपी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या ठाणे ऑफिसला दे, फॅक्टरी इन्स्पेक्टर बसतात तेच ऑफिस. मालक बदलला म्हणून जुनी देणी आपोआप पुसली जात नाहीत, ती कोणावर आली हे विक्रीच्या कागदांवरून ठरतं, म्हणून पत्र जुन्या आणि नव्या दोन्ही नावांनी काढ.

पैशाचा रस्ता बाबांचा ईएसआय कापला जात होता की नाही यावर ठरतो. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलियोमा हे दोन्ही व्यवसायजन्य रोगांच्या यादीत नावानिशी आहेत, ईएसआय कायद्यातही आणि १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातही. ईएसआय लागू असेल तर तिथूनच अपंगत्वाचा लाभ आणि पुढे घरच्यांना अवलंबितांचा लाभ मागायचा, मग कंपनीवर नुकसानभरपाईचा वेगळा दावा चालत नाही. ईएसआय नव्हताच तर दावा नुकसानभरपाई आयुक्तांपुढे. कॉन्ट्रॅक्टरच्या काळाचं काय असं मनात आलं असेल, तर कॉन्ट्रॅक्टर पळाला असला तरी त्याने ज्या कंपनीच्या आवारात तिच्या धंद्याचं काम केलं तिला १९२३ च्या कायद्याच्या १२व्या कलमाखाली धरता येतं. या १९२३ च्या जुन्या कायद्यात दावा लावायची मुदत २ वर्षांची आहे, योग्य कारण दिलं तर उशीर माफ होतो, पण ती २ वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची यावरच कोर्टात झगडा होतो, म्हणून बायोप्सी रिपोर्टच्या तारखेपासून दिवस मोजायला लाग आणि या महिन्यातच वकील गाठ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, तुमचा दावा कशाखाली घालायचा हे तो वकील कागद बघून ठरवेल, सगळं विस्कटून बसू नकोस.

घरातला पत्र्याचा डबा उघड आणि ईएसआयचं जुनं कार्ड, पीएफच्या स्लिपा, पगाराच्या चिठ्ठ्या, गेटपास, युनियनच्या पावत्या, कंपनीच्या पूजेचा ग्रुप फोटो असला तर तोही बाहेर काढ, मागे मशीन दिसतंय तर बघ. आणि बाबांबरोबर कामाला असलेले दोन-तीन जण शोध, ते जिवंत असतील तोवर त्यांची ॲफिडेव्हिट करून घे. त्यांची छाती कशी आहे हेही विचार.

उपचाराबद्दल मी काय सांगणार, केमोमध्ये पेमेट्रेक्सेड आणि प्लॅटिनमचं औषध वापरतात, २०२० पासून इम्युनोथेरपीची जोडीही आलीय पण ती महाग आहे. पाणी सारखं सारखं भरत असेल तर ते थांबवायचे उपाय असतात, ते आवर्जून विचार, आणि धाप-दुखणं कमी करणारी पॅलिएटिव्हची ओपीडी असते तिथे लवकर जा, शेवटचा पर्याय म्हणून नको.

आमचं घर दिघ्याला, वर सिमेंटचे पत्रे, १८ वर्षं झाली. तडे गेलेत. मे महिन्यात शाकारणी करायचीये, मिस्टर म्हणतात ग्राइंडर आणून मीच कापतो, मजुरी वाचेल. पोरं याच पत्र्याखाली झोपतात, त्यांना काही होईल का? — दिघा, नवी मुंबई

पोरांच्या झोपेने घाबरू नका. या पत्र्यात साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस असतं, बाकी सिमेंट, आणि पत्रा शाबूत असला की धागे सिमेंटमध्ये अडकलेले असतात. धोका तो कापला, फोडला, घासला, भोक पाडलं की. म्हणजे नेमकं मिस्टर जे करायला निघालेत तेच! ग्राइंडर एकदा फिरला की त्याची धूळ तुमच्या गादीवर, पिंपात, शेजारणीच्या वाळवणावर बसते आणि दिसतही नाही. ग्राइंडर नाही म्हणजे नाही.

पण वहिनी, त्याहून आधी दुसरी भीती आहे आणि ती ३० वर्षं थांबत नाही. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन घेत नाही. दर मे महिन्यात आमच्याकडे कोणी ना कोणी पत्र्यातून खाली पडलेला यायचा, एक तर माझ्यासमोर गेला, २६ वर्षांचा होता. पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही, खालच्या पाइपाच्या किंवा वाशाच्या रेषेत जाड फळ्या आडव्या टाकून त्यावरून चालायचं, आणि दोर बांधायचा. मजुरी देऊन माहितगार माणूस लावा, तो पैसा वाया जात नाही.

काढताना पत्रा पाण्याने चांगला भिजवा, हुक-बोल्ट सोडून आख्खाच्या आख्खा उतरवा, वरून फेकू नका. घरातलं सामान आणि पिंपं आधी प्लास्टिकने झाका, पोरांना आईकडे पाठवा. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, निदान एन-९५ तरी घट्ट बसणारा हवा. खाली पडलेला चुरा सुक्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकंही तुकड्यांबरोबर दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधा. हे तुकडे घंटागाडीत नकोत, गल्लीतला खड्डा बुजवायला नकोत आणि खुराड्यावर तर नकोतच, वॉर्ड ऑफिसला लेखी कळवून कुठे द्यायचे ते विचारा. कारखान्यांचा असा कचरा महापे आणि तळोज्याच्या धोकादायक कचऱ्याच्या जागी जातो, घरगुती तुकड्यांची सोय मात्र आपल्याकडे कोणी धड करत नाही याचं मला फार वाईट वाटतं, आणि म्हणूनच लेखी विचारत राहा. नवीन टाकताना रंगीत लोखंडी पत्रा घ्या, आवाज होतो, तापतो, खाली थर्माकोल किंवा फोमचं अस्तर लावलं की निभतं.

मी नवऱ्याचे कामाचे कपडे २० वर्षं हाताने धुतले, आधी झटकून मग भिजवायचे. ते मुलुंडला ब्रेक लायनिंगच्या कामाला होते. मी दर वर्षी सीटी स्कॅन करू का? — कळवा

मावशी, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, ब्रेक लायनिंगमध्येही ॲस्बेस्टॉस असायचं. १९६५ मध्येच लंडनच्या एका अभ्यासात मेसोथेलियोमा झालेले असे लोक दिसले होते ज्यांनी कारखान्यात पाऊल टाकलं नाही पण घरचा कोणी कामाला होता आणि त्याचे कपडे घरात धुतले जायचे. तरी बहुतेक बायकांना काही होत नाही, आणि दर वर्षी सीटी करून हा आजार लवकर सापडून माणूस वाचतो असं नाहीये, उलट किरणं फुकट. डॉक्टरांना एकदा हे सगळं सांगा, केसपेपरवर लिहून घ्या, एक एक्सरे काढा. धाप, एका बाजूला छाती दुखणं, वजन उतरणं यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर लगेच जायचं आणि कपडे धुतल्याचं पुन्हा सांगायचं. नवऱ्यालाही न्या, ते जास्त धुळीत होते.

ताई मी २४ वर्षांचा, रबाळेला राहतो. स्क्रॅपवाल्या ठेकेदाराकडे आहे. जुन्या कंपन्या पाडून डेटा सेंटर होतायत तिथे आम्ही पाइप काढतो, पाइपावर कापसासारखं पांढरं असतं ते हाताने ओरबाडतो. ठेकेदार म्हणतो पीओपी आहे. जगात ॲस्बेस्टॉस बंद झालंय ना? मग हे काय असेल? — रबाळे

बऱ्याच देशांत बंद झालंय, पण आपल्याकडे नाही रे. इंग्लंडने १९९९ ला, युरोपने २००५ ला बंद केलं, अमेरिकेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर मार्च २०२४ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे १९८६ पासून खाणींना नवीन परवाने देणं थांबलं पण माल रशिया-कझाकस्तानहून येतोच, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सरसकट बंदी घातली नाही, १९९५ चेच आदेश पुन्हा पाळायला सांगितले. मला विचारशील तर हे बंद व्हायलाच हवं. आणि बंद झालं तरी १९७०-८० मधल्या प्लांटच्या पाइपांवर बसलेलं जात नाही, ते तुझ्यासारख्या पोरांच्या हातून निघतं.

जुन्या बॉयलरच्या, स्टीमच्या पाइपावर पांढरं-राखाडी धाग्याधाग्याचं काही असेल तर तपासणी होईपर्यंत ते ॲस्बेस्टॉसच धरायचं, बघून कळत नाही, लॅबमध्येच कळतं. उद्यापासून त्याला हात लावू नकोस. ठेकेदाराला सांग नमुना तपासून रिपोर्ट दाखव, नाही ऐकलं तर दोघा-तिघांनी मिळून सही करून फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ठाणे ऑफिसला तक्रार द्या, तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. काम सुटायची भीती आहे हे मला कळतं, त्यासाठीच एकटा जाऊ नकोस म्हणते. आत्तापर्यंतचे कामाचे कपडे घरी नेऊ नकोस, साइटवरच बदल आणि अंघोळ करून निघ. बिडी-सिगारेट असेल तर सोड, तुझ्या बाबतीत त्याचा खरंच फरक पडेल.

आणि एक वही कर. कुठला प्लॉट, आधी तिथे कुठली कंपनी होती, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ठेकेदाराचं पूर्ण नाव, बरोबर कोण कोण होतं, सगळं लिही, मोबाइलमध्ये पाइपांचे फोटो काढ आणि ते कोणाला तरी पाठवून ठेव कारण मोबाइल बदलतात. वही आईकडे दे, आणि तिला सांग रेशनकार्ड ठेवते त्याच पिशवीत ठेव.