अंगणवाडीत ९.१, पीएचसीत १०.३, खरं कुठलं धरायचं?

प्रश्न : मॅडम नमस्कार, आम्ही नंदुरबारकडचे. मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. अंगणवाडीत तपासणीवाले आले त्यांनी बोट टोचून मशीनवर हिमोग्लोबिन ९.१ सांगितलं, नंतर पीएचसीत नळीत अ‍ॅसिड टाकून बघितलं तर १०.३. सिस्टर तर आधी नुसता तळहात बघूनच फिकी आहे म्हणाल्या. आता कुणाचं ऐकू?

उत्तर : अहो ताई, तिघांचंही ऐका! २ ते ५ वर्षांच्या मुलांना ११ च्या खाली म्हणजे रक्त कमीच, त्यामुळे ९.१ धरा नाहीतर १०.३, औषध चुकत नाही. ७ च्या खाली असतं तर लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं.

फरक बहुतेक वेळा थेंबात असतो. पोर रडतं, हात ओढतं, रक्त येईना की बोट दाबून दाबून थेंब काढतात आणि मग त्यात अंगातलं पाणी मिसळतं, आकडा खाली येतो. बोट कोमट हवं, पहिला थेंब पुसायचा, पुढचा आपोआप येऊ द्यायचा. नळीवाली ती साहलीची पद्धत, स्वस्त आहे पण अ‍ॅसिडमध्ये रक्त दहा मिनिटं ठेवावं लागतं, मग पाणी घालत घालत डोळ्यांनी रंग जुळवायचा, म्हणजे बघणाऱ्यागणिक थोडं इकडेतिकडे होणारच.

तळहाताला कमी लेखू नका हं. मुलीची बोटं मागे न ताणता (ताणली की चांगला हातही पांढरा दिसतो) तिचा तळवा स्वतःच्या तळव्याशेजारी धरून उजेडात बघायचा. खूप पांढराफटक असेल तर कळतोच, पण थोडीशी कमतरता यात सुटते, म्हणून हात लाल दिसला तरी टेस्ट करायचीच.

अंगणवाडीतून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप मिळतं ना, ते रक्त कमी होऊ नये म्हणून. आता तिला वजनाप्रमाणे रोजचा डोस लागेल, तो पीएचसीतून लिहून घ्या. शी काळी होईल, घाबरून बंद करू नका, आणि चहासोबत तर अजिबात देऊ नका.

दोन महिने नीट देऊनही आकडा हलला नाही तर सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी मागा, तुमच्या भागात तो बराच आढळतो म्हणून ती खरं तर आत्ताच करून घेतलेली बरी. तीही बोटाच्या रक्तावर होते, पण ही पहिली चाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट, पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघायची तपासणी) केल्याशिवाय आजार आहे की नुसती वाहक आहे ते कळत नाही.