शरीरातल्याच प्रोटीनने कॅन्सर बरा होतो, मग केमोची गरज नाही, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की आपल्याच शरीरात तयार होणारी काही प्रोटीन्स कॅन्सर मारतात असं वाचलं, मग ती आपलीच असल्यामुळे साइड इफेक्ट नसणार ना, आणि केमो टाळता येईल का. पहिली गोष्ट खरी आहे आणि तशी जुनीच आहे. पण "आपलंच आहे म्हणजे त्रास नाही" हे साफ चूक आहे आणि हा गैरसमज खूप जणांचा असतो म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

इंटरफेरॉन अल्फाचं बघा. व्हायरस घुसला की आपल्या पेशी ते सोडतात, आणि 1986 मध्ये अमेरिकेत हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यताही मिळाली. पण इंजेक्शन घेतलं की ताप, थंडी, अंगदुखी, कारण फ्लूमध्ये अंग मोडून येतं त्यात याच प्रोटीनचा मोठा हात असतो.

इंटरल्युकिन-2 तर त्याहून कडक. शरीरात टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) ते अगदी थोडंसं सोडतात, शेजारच्या पेशीला वाढायचा निरोप देण्यापुरतं, आणि ते लगेच संपतं. औषध म्हणून मात्र दर आठ तासांनी शिरेतून मोठा डोस द्यायचे आणि मग रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, अंग सुजतं, फुफ्फुसात पाणी होतं, बीपी खाली जातं, लघवी कमी होते, म्हणून पेशंटला आयसीयूसारख्या देखरेखीखाली ठेवावं लागतं. किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी 1992 मध्ये ते मंजूर झालं तेव्हा शंभरातल्या साधारण पंधरा जणांच्याच गाठी नीट आकसत होत्या, पण ज्या मोजक्या लोकांच्या पूर्ण गेल्या त्यातल्या बऱ्याच जणांच्या वर्षानुवर्षं परत आल्या नाहीत. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, आजच्या इम्युनोथेरपीला, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीकडून कॅन्सरशी लढवून घेणाऱ्या उपचारांना, धीर तिथूनच मिळालाय.

असंच तिसरं प्रोटीन टीएनएफ म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, शब्दशः गाठ मारणारा घटक. नाव ऐकून वाटेल हेच ते औषध, पण सगळ्या शरीरात सोडलं तर सेप्सिससारखा (गंभीर इन्फेक्शनमध्ये बीपी कोसळतं तसा) शॉक येतो. मग डॉक्टरांनी काय केलं, हातापायात सार्कोमाची (स्नायू, चरबी अशा भागातल्या कॅन्सरची) गाठ असेल तर त्या हाताचा किंवा पायाचा रक्तप्रवाह बाकी शरीरापासून तोडायचा, मशीनवर फिरवायचा, त्यात टीएनएफ आणि मेल्फालान सोडायचं आणि शेवटी सगळं धुऊन काढून रक्त परत जोडायचं. युरोपात 1999 मध्ये याला मान्यता मिळाली आणि यामुळे काहींचा पाय कापावा लागत नाही. आता मेल्फालान हे केमोचंच औषध आहे, म्हणजे इथे प्रोटीन केमोच्या जागी नाही, तिच्या जोडीला आहे.

ट्रेल नावाचं प्रोटीन लॅबमधल्या डिशमध्ये कॅन्सरच्या पेशी मारतं आणि बहुतेक निरोगी पेशींना सोडून देतं, त्यामुळे आशा खूप होती. पण माणसांवरच्या सुरुवातीच्या ट्रायल्समध्ये निराशा झाली, कारण ते रक्तातून पटकन निघून जातं आणि बऱ्याच गाठी त्याला दादच देत नाहीत. एंडोस्टॅटिन या प्रोटीनचंही तसंच, उंदरांमध्ये गाठी आकसल्या आणि 1998 मध्ये केवढा गाजावाजा झाला, अमेरिकेतल्या ट्रायल्समध्ये मात्र तसं काही दिसलं नाही.

त्यामुळे बातमी वाचलीत की आधी बघा, डिशमध्ये, उंदरात की माणसात, आणि माणसात असेल तर कुठल्या कॅन्सरमध्ये. चालू असलेली केमो अशा बातमीवरून कृपा करून थांबवू नका, ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) सरळ विचारा की या कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी किंवा एखादी ट्रायल बसते का. आणि ही प्रोटीन्स पावडर किंवा गोळीतून मिळतील असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे, पोटात गेली की ती पचून जातात, म्हणूनच तर इंजेक्शन द्यावं लागतं.