माणूस जन्मतःच क्रूर असतो, की झिडकारल्यामुळे तसा होतो?

माणूस जन्मतः क्रूर असतो की लोकांनी झिडकारल्यामुळे तसा होतो, असं तुम्ही विचारलंय. तुमचा नऊ वर्षांचा भाचा मांजरीच्या पिलांना छळतो आणि घरचे म्हणतात, "त्याचं रक्तच तसं." मी पुण्यात दांडेकर पुलाजवळ एका शाळेत २६ वर्षं प्राथमिकच्या वर्गांना शिकवलं, त्यातून जे कळलं ते सांगते.

हात उगारणं आपण सगळेच जन्मतः घेऊन येतो. बालवाडीत तासभर बसलात तर दिसेल, केवढं चावणं, ओरबाडणं चालतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ट्रेम्बले यांनी कॅनडात मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला, तेव्हा मारणं हे दोन-तीन वर्षांच्या वयात सर्वांत जास्त आणि मग कमी होत जातं, असंच दिसलं. मूल मारायला शिकत नाही, हात आवरायला शिकतं. दुसरं रडलं की आत हलणं मात्र सगळ्यांना सारखं मिळालेलं नसतं. त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो, हे जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसलंय. तेव्हा घरच्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण अर्धंच आहे.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. आई गेलेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, घरात त्याची कुणाला गरज नव्हती. डबा खायला पोरं त्याला गोलात घेत नसत. दिवाळीच्या आधी त्याने कुत्र्याच्या शेपटीला लवंगी माळ बांधून पेटवली. मी रागाने विचारलं, "असं का केलंस?" तो म्हणाला, "बाई, सगळे हसले ना." त्या दिवशी पोरांनी त्याला पहिल्यांदा खेळायला घेतलं होतं.

त्याची बहीण दुसरीत होती. तेच घर, तेच बोलणं. तिने मुंगीही मारली नाही, ती फक्त बोलायची बंद झाली. म्हणून झिडकारल्याने माणूस क्रूर होतो हे मला पटत नाही. झिडकारलेली बहुतेक माणसं स्वतःलाच खात बसतात. क्रूर व्हायला कुणीतरी टाळी वाजवावी लागते.

शिक्षा म्हणून मी त्याला महिनाभर दाराजवळ एकटं बसवलं. आजही याचं वाईट वाटतं. जे घरात होत होतं तेच मी वर्गात केलं. पंधरा दिवसांत त्याने पहिलीतल्या एका पोराच्या दंडात पेन्सिलचं टोक खुपसलं. शेवटी आमच्या शिपाई मावशींनी त्याला मधल्या सुट्टीत व्हरांड्यात स्वतःच्या डब्यात जेवायला घेतलं. काही न विचारता, रोज. तो एकदम गुणी झाला नाही, पण मावशींसमोर त्याचा हात उठला नाही.

पुण्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला हा प्रश्न आला की जोशी-अभ्यंकर हत्याकांड आठवतंच. १९७६-७७ मध्ये दहा खून झाले, अंधार पडला की वाड्यावाड्यांत दारं लागत. करणारी चित्रकला शिकणारी कॉलेजची मुलं होती. चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. ती कुणी टाकलेली, अनाथ पोरं नव्हती. एकेकट्याकडून हे घडलं असतं असं मला वाटत नाही, त्यांना एकमेकांची साथ होती.

रक्त आणि घर यांचं नातं कसं असतं हे न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात दिसलं. एका जनुकाचा मंद, म्हणजे कमी काम करणारा प्रकार असलेल्या मुलग्यांचा लहानपणी छळ झाला तर पुढे ते हिंसक होण्याचं प्रमाण जास्त, छळ झाला नाही तर तसं नाही. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तुमच्या भाच्याबद्दल आधी एवढं बघा: तो पिलाला धरतो तेव्हा आजूबाजूला कोण असतं आणि ते काय करतात. कुणी हसत असेल तर ते हसणं आजच बंद करा. कुणी नसताना, चोरून, पिलू ओरडत असतानाही त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नसेल, तर उशीर न करता बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. अशा मुलांवर मार आणि ओरडा फारसा चालत नाही, शाबासकी आणि जवळीक जास्त चालते. आणि "रक्तच तसं" हे त्याच्यासमोर कुणी म्हणू नये, तो ऐकतोय.