मरियेला सावळं रंगवलं तर ते चूक ठरतं का?

नाही. अजिबात चूक ठरत नाही, आणि त्या बाईंनी तुमच्या मुलीला चित्र पुन्हा काढायला लावायला नको होतं.

तुम्ही लिहिलंय की मुलीने नाताळच्या चित्रात येशूच्या आईला, मरियेला, सावळी रंगवली, लाल साडी नेसवली, आणि शाळेतल्या बाई म्हणाल्या, "ही मरिया नाही, ही कुणीतरी बाई आहे." ख्रिस्ती धर्मात अशा रूपांचे काही ठरलेले नियम आहेत का, असं तुम्ही विचारलंय. मी वसईचा कॅथलिक आहे. हेच वाक्य मी तेरा वर्षांचा असताना आमच्या घरात ऐकलंय. म्हणून उत्तर लांबणार आहे.

माझे वडील शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. 1979 च्या नाताळात देवळातला गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करायचं काम त्यांच्याकडे आलं. (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) तोवर गोठ्यात प्लॅस्टरच्या मूर्ती असायच्या. गुलाबी गाल, निळे डोळे, मरियेच्या डोक्यावर आकाशी ओढणी. मेंढपाळाचा एक हात तुटलेला होता आणि बाळ येशूच्या नाकाचा रंग उडाला होता. वडिलांनी ठरवलं की यंदा सगळं शाडूचं, नवं करायचं. ऑक्टोबरपासून ते शाळेतून आले की पडवीत बसायचे. तारेचा सांगाडा, त्यावर काथ्या गुंडाळायचा, वर शाडू. मी शाडू मळून द्यायचो.

मरिया दीड हात उंच झाली. गुडघ्यावर बसलेली, लाल चौकड्यांचं लुगडं, अंगात पोलकं, म्हणजे आमच्या आजी-पणज्या नेसायच्या तशी. रंग माझ्या आजीचा, उन्हातान्हात वाडी शिंपून रापलेला. चेहराही थोडा आजीचाच. ती गुडघ्यावर बसलेली असल्यामुळे मागून तिचे तळपाय दिसायचे, आणि वडिलांनी त्या टाचांना भेगा काढल्या होत्या. बारीक तारेने, एकेक. बाळ येशूच्या गालावर काजळाची तीट लावली होती.

पहिली तक्रार आजीनेच केली. तिने मूर्ती भोवती फिरून बघितली आणि म्हणाली, "माझे पाय कशाला दिलेस रे तिला? तिला तरी बरे दे." तिला निळी ओढणी हवी होती. वडील तिला समजावत राहिले, पण ती काही हसली नाही.

मोठे काका पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे देवळाच्या कारभारी मंडळावर, होते. 23 डिसेंबरला संध्याकाळी ते गोठा बघायला आले आणि वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "लोक इथे गुडघे टेकायला येतात, आपल्या आईला बघायला नाही." वडील म्हणाले, मरियाही कुणाची तरी आईच होती. काकांनी तीटेवरून अंधश्रद्धा काढली, मग बिशपांची परवानगी काढली. वडिलांनी चित्रकार आंजेलो दा फोन्सेकांचं नाव घेतलं, तर काका म्हणाले, "तो गोव्यातून का गेला ते ठाऊक आहे ना?"

काका जाणूनच बोलत होते. फोन्सेका 1902 मध्ये गोव्यातल्या सांतो इस्तेव बेटावर जन्मले, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूरांच्या हाताखाली शिकले, आणि परत येऊन त्यांनी साडीतली, सावळी, आपल्या मातीतली मरिया रंगवायला घेतली. गोव्यातल्या पुष्कळांना ते खपलं नाही. ते पुण्याला शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहायला गेले आणि 1967 मध्ये जाईपर्यंत रंगवत राहिले. माझे वडील पुण्यात ड्रॉइंगचा कोर्स करत असताना त्यांची चित्रं बघून आले होते. त्या चित्रांबद्दल ते बोलायचे तेव्हा आवाज खाली आणून बोलायचे.

24 ला सकाळी शाडूच्या मूर्ती घरी आल्या आणि हात तुटलेला मेंढपाळ परत गोठ्यात उभा राहिला.

आता नियमांचं. चर्चने रूपाबद्दल काहीच ठरवलं नाही असं नाही. 692 साली कॉन्स्टॅन्टिनोपलला पूर्वेकडच्या बिशपांची सभा भरली. ख्रिस्ताला यापुढे कोकराच्या रूपात न दाखवता माणसाच्या रूपात दाखवावं, असं तिने सांगितलं. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या महासभेने सांगितलं की अनवट चित्र बिशपांच्या संमतीशिवाय देवळात लावू नये. काकांचा बिशपांचा मुद्दा तिथून आलेला, तेवढा मी मान्य करतो. पण या दोन्ही ठिकाणी कातडीच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही. बाकी आहेत त्या संतांच्या ओळखीच्या खुणा: पेत्राचे आखूड कुरळे पांढरे केस आणि हातात किल्ल्या, पौलाला टक्कल, लांब दाढी आणि तलवार. खुणा रूढीने आल्या, कायद्याने नाही. संत सेबास्तियन आज सगळीकडे बाण लागलेला उघडा तरुण दिसतो, पण रोममध्ये सातव्या शतकातल्या एका मोझेइकमध्ये (रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रात) तोच पांढऱ्या दाढीचा म्हातारा आहे.

येशू कसा दिसायचा हे चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या त्याच्या चरित्रांत, लिहिलेलं नाही. उंची नाही, रंग नाही, केस नाहीत. उलट त्याला पकडून देणाऱ्या यहूदा या शिष्याला त्याचं चुंबन घेऊन शिपायांना दाखवावं लागलं की हाच तो. बारा-तेरा गालीली माणसांत जो रंगाने किंवा केसांनी वेगळा दिसत असता, त्याला ओळखून द्यावं लागलं नसतं. आणि पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की पुरुषाने लांब केस ठेवणं त्याला अपमानाचं आहे. आपल्या प्रभूचे केस खांद्यावर रुळत होते हे माहीत असताना कुणी असं लिहील का? तो पहिल्या शतकातला गालीलचा यहुदी होता, सुताराचं काम केलेला, मैलोनमैल उन्हात चाललेला. काळे केस, गव्हाळ-सावळा रंग. माझ्या मते यात वाद घालण्यासारखं काही नाही.

मग ते दाढीवालं रूप आलं कुठून? मी जहाजावर फिटर होतो. 1994 मध्ये आमचं जहाज इटलीत रावेन्नाच्या बंदराला पाच दिवस लागलं होतं. एका दुपारी मी गावात गेलो आणि सांत आपोलिनारे नुओवो या चर्चमध्ये शिरलो. राजा थिओडोरिकच्या काळातलं, म्हणजे सहाव्या शतकाच्या सुरुवातीचं. वर दोन्ही भिंतींवर मोझेइकची लहान लहान चित्रं आहेत, एकेका बाजूला तेरा. डाव्या भिंतीवर येशूचे चमत्कार आणि दाखले, आणि त्यात येशू कोवळा पोरगा आहे, दाढी-मिशी काही नाही. उजव्या भिंतीवर त्याचं दुःखसहन आणि पुनरुत्थान, आणि तिथे त्याला दाढी आहे. एकच देऊळ, एकच काळ आणि येशूचे दोन चेहरे. मान दुखेपर्यंत मी वर बघत उभा राहिलो. पुढे कळलं की सगळ्यात जुनी चित्रंही तशीच आहेत: सीरियातल्या ड्युरा-युरोपोसच्या घरातल्या चर्चमध्ये, साधारण 235 सालच्या भिंतीवर, पांगळ्याला बरं करणारा येशू बिनदाढीचा आहे. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या सम्राट दुसऱ्या जस्टिनियनने आधी दाढीवाल्या, लांब केसांच्या ख्रिस्ताचं नाणं पाडलं, आणि गादी जाऊन 705 मध्ये परत मिळाल्यावर आखूड कुरळ्या केसांच्या ख्रिस्ताचं. राजा तोच, धर्म तोच.

मी रावेन्नातून दोन पोस्टकार्डं घेतली, एक या भिंतीचं, एक त्या भिंतीचं, आणि दोन्ही मोठ्या काकांच्या पत्त्यावर टाकली. मागे एवढंच लिहिलं: "यातला खरा कुठला?"

सुट्टीवर आलो तेव्हा काकांनी ती कार्डं देव्हाऱ्यापाशी ठेवलेली होती. म्हणाले, "दाढी असो नसो, दोघंही गोरेच आहेत की."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं, पण काका 2011 मध्ये गेले, तेव्हा तुम्हालाच सांगतो. ते गोरे आहेत कारण काढणारे गोरे होते. नेदरलँडच्या चित्रकारांनी मरियेला आपल्या गावच्या घरात, आपल्याकडच्या खिडकीपाशी बसवलं आणि खिडकीतून आपलीच शेतं दाखवली. त्यांना कुणी म्हटलं नाही की ही मरिया नाही, ही कुणीतरी बाई आहे. आपण दुसऱ्याची आजी देव म्हणून घेतली आणि आपल्या आजीला गोठ्यातून बाहेर काढलं. मेक्सिकोत ग्वादालूपेच्या मरियेला लोक लाडाने "सावळी" म्हणतात. वेलंकणीला तर मरिया जरीकाठाची साडी नेसून उभी असते, आणि आमचे काका दरवर्षी तिथे जायचे.

आणि भेगांचं. 1600 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने रोममधल्या कार्मेल संघाच्या चर्चसाठी मरियेच्या मृत्यूचं चित्र काढलं. सुजलेलं अंग, उघडे पाय, लाल साधा झगा, भोवती रडणारे गरीब लोक. त्या धर्मगुरूंनी ते नाकारलं. 1607 मध्ये चित्रकार रुबेन्सच्या सल्ल्यावरून मांटुआच्या ड्यूकने ते विकत घेतलं, आणि आज ते पॅरिसला लूव्रमध्ये आहे. हे मी वाचलं तेव्हा वडील जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांना हे सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

निळ्या ओढणीचंही सांगतो, कारण आजी तिच्यासाठी हट्ट धरून बसली होती. जुन्या बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या साम्राज्यातल्या, चित्रांत मरियेचं वस्त्र बहुतेक गडद जांभळं किंवा तपकिरी लाल असतं. चकचकीत निळा रंग पश्चिमेकडे आला तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या दगडातून. तो फार महाग पडायचा, म्हणून सगळ्यात मानाच्या बाईला द्यायचा. आजीला हेच हवं होतं, तिच्यापेक्षा मरियेला काहीतरी जास्त मिळावं. त्यामुळे आजी चूक होती असं मी आजही म्हणत नाही. वडिलांनी त्या लुगड्यावर एक निळा पदर घातला असता तर ती कदाचित त्यांच्या बाजूने उभी राहिली असती.

बाजूने उभं राहण्याचं निघालं म्हणून लिहितो, नाहीतर लिहिणार नव्हतो. 23 च्या संध्याकाळी, वाद चालू असताना, काकांनी मला जवळ ओढलं आणि विचारलं, "तू सांग, तुला कुठली मरिया आवडते?" शाळेतली मुलं आठवडाभर "तुमच्या गोठ्यात भाजीवाली बसलीय" म्हणून चिडवत होती. मी प्लॅस्टरच्या मरियेकडे बोट दाखवलं. वडील तिथेच उभे होते. ते काही बोलले नाहीत, गोठ्याची दोरी सोडायला लागले. पुढे कधीही त्यांनी तो विषय काढला नाही आणि गोठाही पुन्हा केला नाही.

म्हणून माझा सल्ला बाईंबद्दल कमी आणि तुमच्याबद्दल जास्त आहे. बाईंना भेटा, नीट बोला, भांडू नका. चित्र स्पर्धेसाठी असेल आणि त्यांनी विशिष्ट चित्राची नक्कल करायला सांगितली असेल तर त्यांचं म्हणणं वेगळं, ते आधी विचारून घ्या. पण घरी, मुलीच्या देखत, तिला "दोन्हीतलं कुठलं छान?" असं विचारू नका, आणि दुसऱ्या कुणालाही विचारू देऊ नका.

हेही सांगायला हवं की गोऱ्या मूर्ती काढून टाका असं मी म्हणत नाही. मी स्वतः रोज त्यांच्यापुढे रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतो. बांद्र्याच्या मोत माउलीपुढे (माउंट मेरीपुढे) माझ्या आईने केलेले नवस फळले आहेत, तिचा रंग मी कधी पाहिला नाही. आणि युरोपातल्या ज्या काळ्या मरिया प्रसिद्ध आहेत त्यातल्या सगळ्याच मुळात काळ्या नव्हत्या, काही मेणबत्त्यांच्या काजळीने आणि जुन्या वार्निशने काळवंडल्या. तेव्हा त्यांचा दाखला जपून द्या, समोरचा माणूस वाचलेला असेल तर पकडेल.

वडिलांची मरिया माळ्यावर होती. कच्चा शाडू, एका पावसाळ्यात कौलं गळली आणि ती बसल्या जागी विरघळली. तार आणि काथ्या तेवढा राहिला. बाळ येशू आईने कापसात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवला होता, तो आहे. दर नाताळात माझ्या घरच्या गोठ्यात तोच असतो. तीट पुसट होते, ती माझी सून परत लावते.

मुलीला पुन्हा रंगवायचं असेल तर वडिलांची एक गोष्ट तिला सांगा. सावळा रंग करताना काळा मिसळू नये, कातडी राखेसारखी दिसते. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घ्यायचा, त्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा), आणि गालाला अगदी थेंबभर लाल. तळपाय आणि तळहात एक छटा उजळ ठेवायचे.