सुताराला बोलावण्याआधी मॅट उचला

फिरतं घर बनवायला जुनी बस घेतलीत, अभिनंदन! फर्निचर आणि सोलरचं विचारलंत. फर्निचर मात्र आत्ताच सुरू करू नका, बहुतेक नवखे तिथेच चुकतात. आधी सीटा काढा, मॅट उचला आणि खालचा पत्रा, चाकांवरच्या कमानी हातोडीने ठोकून गंज आहे का पाहा. कोकणात फिरलेल्या बसला तर नक्कीच. मी गंजावरच प्लाय ठोकला होता. दुसऱ्या पावसाळ्यात सगळं उखडावं लागलं.

- मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरटीओची परवानगी बदल करण्याआधी घ्यायची असते.
- २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. टाकी बसच्या तळाशी, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे बसवा.
- सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे झरोके हवेतच.

सोलरचं नंतर बोलू. पत्र्याचे फोटो पाठवा.