"ती बैठकीत तोंडच उघडत नाही"

"संस्थेत राहणाऱ्या मुलांची बाजू मांडायला मी त्यांच्यासोबत आढावा बैठकीला जाते. एरवी घडाघडा बोलणारी मुलगी चार मोठी माणसं समोर आली की गप्प. मग मीच बोलते. चुकतंय का?"

हे विचारणाऱ्या ताई सोळा वर्षांच्या एका मुलीला घेऊनच आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिला दुसऱ्या संस्थेत हलवायचं घाटत होतं. तिथे शिक्षणाची सोय चांगली, पण धाकटा भाऊ इथेच राहणार. "थोडी घाबरलीये, समजावलं की तयार होईल," असं ताई बैठकीत सांगून आल्या होत्या.

मी मुलीला विचारलं, "तुझं म्हणणं पोचलं का?"

स्वेटरच्या बाहीचा धागा ओढत ती म्हणाली, "ताई छान बोलल्या." जरा थांबून, "पण मी जाणार नाही म्हटलं होतं. तयार होईन असं कधी म्हटलं?"

ताई ओशाळल्या. बदलीत मुलीचं भलं आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. गोची तिथेच होती. भलं कशात हे ठरवायला त्या टेबलाभोवती पुष्कळ माणसं असतात. मुलीची इच्छा जशीच्या तशी पोचवणारं दुसरं कुणी नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ मुलांना स्वतःविषयीच्या प्रत्येक बाबतीत मत मांडायचा हक्क देतं, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायला सांगतं. मागेल ते मिळेलच असं नाही, हे मात्र मुलांना आधीच सांगावं. 'कुणाला सांगणार नाही' असं सरसकट वचनही देऊ नये. जिवाला धोका असेल तर सांगावंच लागतं.

पुढच्या बैठकीआधी दोघी तासभर बसल्या. कोण येणार, कोण कुठे बसणार, नकोसं झालं तर खूण काय? पेनाला टोपण लावायचं, असं तिनेच ठरवलं. मग लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तीन ओळी उरल्या: मला जायचं नाही. न्यायचंच असेल तर भावाला दर आठवड्याला भेटायचंय. हे नक्की कोण ठरवतं ते सांगा.

तिसरी ओळ ताईंना उद्धट वाटली. वाटू दे, मी म्हटलं, पण खोडू नका.

बैठकीत ताईंनी पहिली ओळ वाचली. दुसरीला मुलीने कागद ओढून घेतला. बदली रद्द झाली नाही, परीक्षेपर्यंत लांबली. भेटीचे दिवस लेखी मिळाले. तिसऱ्या ओळीचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर ताई दर सोमवारी फोन करत होत्या.